हॉपरमधले चौसष्ट किलो

वजनकाटा किती वर्षं टिकतो, असं कुणी विचारलं की सिद्राम वाघमोडे उलट विचारायचा, "कुणाच्या हाताखाली?"

चाळीस वर्षं त्यानं काटेच दुरुस्त केले होते. वाण्याच्या दुकानातले नव्हेत, कारखान्यातले. ज्यांच्यावर भरलेले ट्रक उभे राहतात, ज्यांच्यावर सिमेंटचे हॉपर, म्हणजे नरसाळ्याच्या आकाराच्या मोठ्या लोखंडी टाक्या, टेकलेले असतात, ते. या काट्यांच्या पोटात लोडसेल असतो, म्हणजे तळहाताएवढा पोलादाचा ठोकळा. वजन आलं की तो वाकतो, पण डोळ्याला दिसणार नाही इतकाच. वजन गेलं की सरळ होतो. त्याच्या अंगाला चिकटवलेली बारीक तार ते वाकणं ओळखते आणि पलीकडं पॅनेलवर आकडा उमटतो. एवढीच त्याची विद्या.

नीट वागवला तर सेल लाखो वेळा वाकतो, लाखो वेळा सरळ होतो आणि वीस वर्षं कुरकुर करत नाही. पण नीट वागवतो कोण? कुणी पाण्याचा फवारा मारून धुतो. कुणी हॉपरला वेल्डिंग करताना करंट त्याच्यातून जाऊ देतो. उंदीर वायर कुरतडतात. ड्रायव्हर ट्रक काट्यावर आणून कचकन ब्रेक मारतो. सिद्रामनं शेकड्यांनी मेलेले सेल उघडून बघितले होते. नुसत्या वजनानं मेलेला त्यात क्वचित सापडे. बहुतेक धक्क्यानं मेलेले, नाहीतर ओलीनं. ओल आत शिरली की आकडा भटकायला लागतो. रिकाम्या हॉपरवर सकाळी दहा किलो, दुपारी तीस, संध्याकाळी पुन्हा चार. मग कारखान्यातली माणसं शून्याचं बटण दाबतात. जे काही दिसतंय तेच शून्य धरायचं आणि पुढं चालायचं.

ते बटण सिद्रामनं तेवीस वर्षांत स्वतःच्या बोटानं दाबलेलं नव्हतं. दुरुस्ती झाली की तो ऑपरेटरला पुढं करायचा. "तू दाब," म्हणायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा मान देतोय.

दोन हजार सत्तेचाळीस सालातला मार्च महिना. रविवारी सकाळी सिद्राम ओसरीवर शेंगा सोलत बसला होता, तेव्हा रेणुकाची गाडी दारात थांबली. रेणुका म्हणजे अंबादास गुंडेलीची पोरगी. अंबादास गेला तेव्हा तीन वर्षांची होती, आता सव्वीसची. अंबादास सिद्रामचा कारखान्यातला जिवलग. तो गेल्यावर त्याच्या घरचा नळ, पंखा, पोरीची शाळा, कॉलेजचा दाखला, सगळीकडं सिद्रामच धावला होता. सणासुदीला जेवायला त्यांच्याकडंच. त्याची स्वतःची बायको जाऊन बारा वर्षं झाली होती आणि मूलबाळ नव्हतं.

"काका, आहात का ओ?"

"ये की. चहा घेणार का आधी भांडणार?"

"भांडणार," रेणुका पायरीवरच बसली. "पप्पांच्या हॉपरचे तिन्ही सेल तुमच्याकडं आहेत म्हणे. मला आज कळतंय!"

सिद्रामच्या बोटांतली शेंग तशीच राहिली. "कोण म्हणतं?"

"आई. मी शाळेत होते तेव्हा तुम्हीच तिला बोललात म्हणे."

"भंगारात टाकवेना, म्हणून ठेवले. आता गंजलेत."

"गंज वरच्या वर असतो. हे मला कुणी शिकवलं?"

सिद्राम हसला नाही. रेणुकानं मूठभर दाणे तोंडात टाकले.

"काका, चौकशीच्या कागदात काय लिहिलंय माहितीय ना? 'मशीन चालू असताना परवानगीशिवाय वर चढला आणि स्वतःच्या निष्काळजीपणानं आत पडला.' आई तो कागद देवाच्या फोटोमागं ठेवते. मी विचारलं, तिथं कशाला? म्हणते, देवाला तरी वाचू दे. मला एवढंच बघायचंय, पप्पा वरून पडले, का आधीपासून आत होते. माझ्याच सेंटरला वाचता येतंय. परवानगी काढलीय."

"येत्या रविवारी देतो."

"आज का नाही?"

"पेटी माळ्यावर आहे. माझा गुडघा बघ."

"मी चढते की."

"रविवारी म्हणलं ना!"

आवाज इतका मोठा निघाला की समोरच्या घरातलं कुत्रं उठून उभं राहिलं. रेणुकानं उठून ओढणी झटकली.

"बरं, रविवारी. ओरडू नका, शेंगा उडाल्या सगळ्या."

रेणुका काम करायची ते धातुवाचन केंद्र सोलापुरात सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. कल्पना साधी होती, फक्त ती साधायला माणसाला इतकी वर्षं लागली. पोलाद आतून सलग नसतं, बारीक बारीक स्फटिकांचं असतं. त्या स्फटिकांत अणूंच्या ओळी असतात आणि ओळींत जागोजागी मोडी असतात. धातूवर भार आला की या मोडी किंचित सरकतात. भार गेल्यावर धातू सरळ होतो, पण प्रत्येक मोड अगदी आपल्या पहिल्या जागी परतत नाही. म्हणजे पोलाद सरळ होतं, पण विसरत नाही. मऊ मातीवरून माणसं गेली की पावलांवर पावलं उमटतात, तसं आत सगळं साठत राहतं. एका फार सूक्ष्म किरणानं या मोडींचा नकाशा काढायचा आणि संगणकानं वरचं पाऊल बाजूला करून खालचं, मग त्याच्या खालचं, असं उलगडत न्यायचं. वेळ कळायलाही सोय होती. दिवसाच्या उन्हानं आणि रात्रीच्या गारव्यानं धातू फुगतो नि आकसतो, त्याची वळी झाडाच्या खोडातल्यासारखी मोजता येतात. आणि जवळ एखादी मोटर चालत असेल तर तिची थरथर सेकंदकाट्यासारखी टिकटिकत उमटलेली असते.

आधी हे पुलांसाठी होतं. पुलाचे सेन्सर अजून किती वर्षं खरं बोलतील, हे आधीच कळावं म्हणून. त्यात लोडसेल सगळ्यांत स्वच्छ वाचला जायचा, कारण तो मुळात मोजून वाकण्यासाठीच घडवलेला. मग पोलिसांनी पहिला क्रेनचा हूक आणून दिला. सतरा वर्षांपूर्वी सुटलेला भार कुणाच्या चुकीनं सुटला ते हुकानं सांगितलं. त्यानंतर लोकांची झोपच उडाली. लिफ्टचे दोर, ट्रकचे आस, गिरणीतल्या कड्या, ज्याला त्याला आठवायला लागलं की आपल्या हातून काहीतरी झालं होतं आणि तिथं लोखंड हजर होतं.

ही आठवण पुसायचा उपायही लोकांना लवकरच कळला. पोलाद लालबुंद होईपर्यंत तापवलं की आतल्या ओळी नव्यानं बसतात. सेल जन्माला आला तेव्हा होता तसा कोरा होतो.

सिद्रामला हा उपाय रेणुकाच्या जन्माआधीपासून माहीत होता. आगीच्या धगीत सापडलेला सेल किती खोटं बोलतो, हे त्यानं हातानं तपासलेलं होतं.

तो ऑक्टोबरचा दिवस होता. मोहोळ रस्त्यावर तेव्हा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना होता, आता तिथं गवत आहे. सिद्राम तिथं काट्यांचा फिटर आणि अंबादास मिक्सरवर. पॅनेलवर इराण्णा हत्तुरे बसायचा, काचेच्या केबिनमध्ये. त्या दिवशी अकराच्या सुमाराला इराण्णा सिद्रामला म्हणाला, "पोरीच्या शाळेत बोलावलंय. तासभर बस बे इथं. नुसता बसून राहा, कोण बघतंय?" रजिस्टरवर सही इराण्णाची होती. सिद्रामनं त्या खुर्चीवर बसायचं नव्हतं, पण काट्यातलं त्याच्याइतकं कळणारं कारखान्यात दुसरं कोण होतं?

तो बसला. समोर हॉपर रिकामा, आणि आकडा चौसष्ट.

आठवडाभर तो हॉपर छळतच होता. वीस दाखवी, तीस दाखवी. चारच दिवसांपूर्वी सिद्रामनं वायरींचा डबा उघडून आतलं पाणी पुसलं होतं. पुन्हा ओल, त्याच्या मनात आलं. त्यानं शून्य दाबलं. आकडा शून्य झाला, आणि थोड्या वेळानं फडफडायला लागला. वर खाली, वर खाली. वायर ढिली, तो म्हणाला. मग त्यानं फिल्टर वाढवला. फिल्टर म्हणजे पॅनेल गेल्या काही सेकंदांची सरासरी काढतं आणि काचेवर शांत आकडा दाखवतं. आकडा शांत झाला. त्यानं 'भरा' दाबलं. सिमेंट ढकलणारा स्क्रू फिरला, सिमेंट आलं, बाराशे किलो, दोन मिनिटं दहा सेकंद.

खालचं दार उघडलं तेव्हा सिमेंट पडेना. तोवर इराण्णा परत आला होता. मग सगळे धावले.

चौकशीत इराण्णानं सांगितलं, भरायला सुरुवात केली तेव्हा हॉपर शून्यावर होता. छापील चिठ्ठीवरही शून्यच होतं. शून्यावर होता म्हणजे रिकामा होता. रिकामा होता म्हणजे माणूस नंतर वर चढला आणि पडला. शून्य कुणी केलं, हे चिठ्ठीवर नव्हतं. आपण जागेवर नव्हतो हे इराण्णाला सांगायचं नव्हतं आणि सिद्रामला कुणी विचारलंच नाही. त्या दिवसानंतर दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. आठ वर्षांपूर्वी इराण्णा वारला. सिद्राम मयताला गेला, लांब उभा राहिला आणि परत आला.

तेवीस वर्षं त्याच्या मनात एकच प्रश्न होता. ते चौसष्ट काय होतं? ओल, का अंबादास? ओल असू शकली असती. खरंच असू शकली असती. त्या हॉपरचे सेल थकलेले होते आणि वायरींच्या डब्याचं झाकणही नीट बसत नव्हतं. दिवसा कामात असला की त्याला ओल वाटायची. पण कुठल्याही काट्यावर, कुणीही नसताना, चार-दोन किलो दिसले की तो आधी वाकून आत बघायचा. लोक हसायचे. "आजोबा, आत काय भूत बसलंय का?"

शुक्रवारी दुपारी सिद्रामनं माळ्यावरून पेटी काढली. गुडघा काही दुखला नाही. तिन्ही सेल फडक्यात बांधले आणि होटगी रस्त्याला शिवलिंग लोहाराच्या भट्टीवर गेला.

भट्टीपुढं रांग होती. एकाच्या हातात साखळी, एकाच्या खांद्यावर जॅक. एक बाई झोपाळ्याच्या चार कड्या पदराखाली धरून उभी होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं.

"या आजोबा," शिवलिंग घाम पुसत म्हणाला, "कुणाला मारलं?"

रांगेतले दोघं हसले. हा विनोद तो प्रत्येकाला करत होता.

"जुने सेल आहेत."

"आपल्याला काय करायचंय कशाचे आहेत ते! तांबडे केले की सगळं साफ. मग बायकोनं विचारू दे नाहीतर कोर्टानं." त्यानं सांडशीत पहिला सेल धरला. "हे चांगलं पोलाद आहे हो. वाईट वाटतं असं चांगलं पोलाद जाळायला."

सांडशी निखाऱ्यांच्या वर आली आणि सिद्राम ओरडला, "थांब!"

"काय झालं?"

"दे इकडं."

"अहो, रांग मोडून जाताय, पुन्हा नंबर मिळणार नाही."

"नको मिळू दे."

सिद्राम मोठ्या मनाचा होता म्हणून परत फिरला असं नव्हे. निखारे बघताना त्याला एवढंच सुचलं की हे जळलं तर आपल्याला कधीच कळणार नाही. ओल का माणूस, हे जगात आता या तीन ठोकळ्यांनाच माहीत होतं. न कळता मरायची त्याला भीती वाटली. कळून काय होईल, याचा विचार त्यानं रिक्षात बसल्यावर केला.

रविवारी केंद्रात दुसरं कुणी नव्हतं. रेणुकानं सेल ब्रशनं साफ केले, त्यांवरचे नंबर टिपून घेतले आणि एकेक करून यंत्राच्या तोंडात ठेवले. यंत्र कपाटाएवढं होतं आणि फ्रीजसारखं गुणगुणत होतं. तिन्ही वाचायला अडीच तास लागले. सिद्राम प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. रेणुकानं आणलेली इडली त्यानं हातात धरली आणि तशीच परत ठेवली.

"काका, नशीब बघा. यांच्यावर नंतर वजनच आलेलं नाही. तुम्ही काढून ठेवले ना, त्यामुळं शेवटचा दिवस अगदी वर आहे."

पडद्यावर तीन रेघा आल्या. एकेका सेलची एकेक. खाली मिक्सरच्या मोटरीची थरथर, सेकंद दाखवणारी.

"हा चढ बघा. इथं स्क्रू सुरू झाला, सिमेंट यायला लागलं." तिचं बोट मागं, डावीकडं सरकलं. "आणि याच्या अकरा मिनिटं आधी..."

ती थांबली.

तिन्ही रेघा एकदम वर उचलल्या होत्या आणि तिथंच राहिल्या होत्या. रेणुकानं बेरीज मागवली. पडद्याच्या कोपऱ्यात आकडा आला. चौसष्ट.

सिद्रामनं खुर्चीची कड धरली. त्यानं शून्य केल्याची खूण शोधली. ती नव्हती. असणार कशी? शून्य फक्त काचेवर झालं होतं. पोलादानं चौसष्ट किलो शेवटपर्यंत तोलून धरले होते.

"ओल अशी दिसत नाही ना?" त्यानं तरीही विचारलं.

"ओल तारेत शिरते, काका. पोलाद कशाला वाकेल त्यानं? हे वजन आहे." मग रेणुका पडद्याच्या जवळ गेली. "बघा, बघा. पहिली रेघ खाली आली तशी दुसरी वर गेली. आता तिसरी. पुन्हा पहिली." तिचा आवाज बारीक झाला. "चालतायत. पप्पा चालतायत आत."

वडिलांना चालताना तिनं कधी बघितलेलं तिला आठवत नव्हतं. तिनं काचेवर बोट ठेवलं आणि रेघेबरोबर हलवत नेलं. इकडून तिकडं, थांबून, पुन्हा इकडं. हॉपर साफ करायला उतरलेला माणूस आत चिकटलेली सिमेंटची खपली घणानं फोडत गोल फिरतो तसं. सिद्राम तिच्या मागं उभा होता आणि त्याला तिच्या बोटाकडं बघवत नव्हतं.

"आणि हे काय? उड्या?"

तीन उंच टोकं होती, सारख्या अंतरानं. मग जरा सपाट. मग पुन्हा तीन.

सिद्रामला बघताक्षणी कळलं. नियमानं माणूस आत उतरला की पॅनेलची किल्ली काढून खिशात ठेवायची असते. पण किल्ली काढली की सगळी यंत्रणा पुन्हा जुळवायला वीस मिनिटं जायची आणि सुपरवायझर शिव्या द्यायचा. म्हणून त्या कारखान्यात कुणी किल्ली काढत नसे. आत उतरलेल्या माणसाला धोका वाटला की तो घणानं हॉपरला तीनदा ठोकायचा. 'मी आत आहे, चालू करू नका.' सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी शेजारी कंप्रेसर चालू होता. केबिनची काच बंद होती. काहीच ऐकू आलं नव्हतं.

पण दिसलं होतं. आकडा फडफडला होता.

"पहिले तीन स्क्रू सुरू व्हायच्या आधी," रेणुका वाचत होती, "चाळीस सेकंद. आणि दुसरे तीन..." तिनं पुन्हा मोजलं. "दुसरे तीन सिमेंट पडायला लागल्यावर."

दुसरे तीन काचेवर उमटलेच नव्हते. त्याआधीच सिद्रामनं फिल्टर वाढवला होता.

त्यानं ठोक्यांचा अर्थ तिला सांगितला. सांगताना आवाज कसा तरी सरळ राहिला. रेणुकानं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ओढणीनं तोंड पुसलं.

"म्हणजे पॅनेलवरच्या माणसाला चौसष्ट दिसत होते. त्यानं ते पुसले आणि चालू केलं. रजिस्टरवर इराण्णा हत्तुरे आहे. मेलाय ना तो?"

"मेला."

"सुटला मग."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं, ती होत नव्हती. सिद्रामला कळत होतं की आता गप्प बसलं की झालं. इराण्णाला काही लागणार नव्हतं. अंबादासच्या नावावरचा डाग जाणार होता. पोरगी संध्याकाळी घरी जेवायला चला म्हणणार होती.

"तो तिथं नव्हता," सिद्राम म्हणाला.

"कोण?"

"इराण्णा. शाळेत गेला होता. त्याच्या जागेवर मी होतो."

रेणुका वळली नाही. पडद्याकडंच बघत राहिली.

"तुम्हाला कळलं नाही?"

"मला वाटलं, ओल."

"चौसष्ट किलो ओल?"

"तुला खरं सांगतो. इराण्णा असता तर उठून बघायला गेला असता. त्याला काट्यातलं काही कळायचं नाही, आकडा हलला की घाबरायचा. मला कळायचं. म्हणून मी उठलो नाही."

गाडी एकदाची सुरू झाली आणि निघून गेली. रेणुकानं कीबोर्ड पुढं ओढला. ऑफिसात आलेल्या कुणाही माणसाला विचारावं त्या आवाजात तिनं विचारलं, "पूर्ण नाव सांगा."

"रेणुका..."

"पूर्ण नाव."

त्यानं सांगितलं. वय सांगितलं, पत्ता सांगितला, त्या दिवशी काय काय केलं ते एकापाठोपाठ एक सांगितलं. तिनं शब्दही न गाळता टाइप केलं. कागद छापून आला, त्यानं सही केली. सही करताना तिनं दुसरीकडं बघितलं.

"उद्या हे पोलिसांत जाईल," ती म्हणाली. "आईला मी सांगणार नाही. तुम्ही सांगायचं. आत्ता."

रेणुकाची आई पद्मावती विडी घरकुलात, विडी कामगारांच्या वसाहतीत, दोन खोल्यांत राहायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू आणि कापलेली पानं. नजर वर न उचलता तिची बोटं विड्या वळत होती.

"या भाऊ. जेवला का? रेणुका, भात आहे बघ."

"वहिनी, आधी ऐकून घ्या."

तो दाराजवळच खाली बसला. रेणुका आतल्या खोलीच्या चौकटीत उभी राहिली. सिद्रामनं सगळं सांगितलं. इराण्णाचं शाळेत जाणं, खुर्ची, आकडा, बटण. पद्मावतीची बोटं चालत राहिली. पान, तंबाखू, वळण, दोरा. गोष्ट बटणापाशी आली तेव्हा ती थांबली.

"किती होता म्हणता आकडा?"

"चौसष्ट."

"नाही," ती म्हणाली. "ते एकसष्ट होते. दोनच दिवस आधी दवाखान्यात ताप दाखवायला गेलो होतो, तिथं वजन केलं. मी म्हणलं, एवढे कसे वाळलात."

पद्मावतीनं थोडा वेळ समोरच्या भिंतीकडं बघितलं.

"तीन किलो घणाचे असतील," ती म्हणाली.

"असतील."

"ठोकलं त्यांनी?"

"तीनदा. मग आणखी तीनदा."

"आणि तुम्ही काय केलं?"

"आकडा हलत होता, तो शांत केला."

तिनं सूप मांडीवरून उचलून खाली ठेवलं. पानं सांडली, ती तिनं गोळा केली नाहीत. चौकटीतल्या रेणुकाला ती त्यांच्या घरच्या तेलुगूत काहीतरी म्हणाली. रेणुकानं मान हलवली आणि देवाच्या फोटोमागचा जुना कागद काढून तिच्या हातात दिला. पद्मावतीला वाचता येत नव्हतं. तिनं तो उघडला, दोनदा हात फिरवला आणि घडी घालून बाजूला ठेवला.

"म्हणजे ते पडले नव्हते."

"नाही वहिनी. ते त्यांचं काम करत होते."

"तेवीस वर्षं लोक मला म्हणाले, तुझ्या नवऱ्याला अक्कल नव्हती, चालत्या मशीनवर चढला. तुम्ही समोर बसून जेवत होता आणि ऐकत होता."

"हो."

"एक सांगा. काचेमागं तुम्ही बसलाय, हे त्यांना माहीत होतं का?"

हा प्रश्न सिद्रामनं स्वतःला कधी विचारला नव्हता. इराण्णा गेला, खुर्चीवर सिद्राम बसला, हे हॉपरच्या झाकणातून दिसलं असेल? उतरण्याआधी अंबादासनं केबिनकडं एकदा बघितलं असेल? खोटं बोलायला जागा होती. 'नाही' म्हणता आलं असतं.

"ठाऊक नाही," तो म्हणाला. "ते पोलादात उमटत नाही."

पद्मावतीनं मान डोलावली. जणू हेच उत्तर तिला हवं होतं.

"मग मी धरते की माहीत होतं. सिद्राम बसलाय, तो बंद करेल, असं त्यांना वाटलं. म्हणून दुसऱ्यांदा ठोकलं. त्या वेळी घाबरले नसतील ते." ती उठून उभी राहिली. "तेवढं माझं मला राहू द्या. तुम्ही आता जा, भाऊ. परत येऊ नका."

सिद्राम उठला. गुडघा खरोखर दुखला. भिंतीला हात लावून त्यानं चपला घातल्या. मायलेकी दोघी पाठमोऱ्या, खाली सांडलेली पानं वेचत बसल्या होत्या. दार लावायला कुणी उठलं नाही. थोडा वेळ वाट बघून त्यानंच ते बाहेरून हळूच ओढून घेतलं.